पालथी पानं

तिसगावच्या स्टँडवरचे कंट्रोलर मनगटाला घड्याळ बांधत नसत. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला की ड्रायव्हर कोण ते सांगायचे, आणि ड्रायव्हर कळला की वाजले किती ते. "ह्यो पाथर्डीचा. निघताना दोन कप च्या पितो. म्हंजी नऊ वाजून दहा झाले." खिडकीच्या आत भिंतीवर सरकारी घड्याळ होतं, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "त्ये एकदा बंद पडलं हुतं," म्हणायचे. कधी? तर मी तिथं नोकरीला लागायच्या आधी केव्हातरी. एकदा बंद पडलेलं घड्याळ त्यांच्या लेखी कायमचं बंद होतं.

माणसांचंही तसंच. खिडकीशी कुणी गाडीची चौकशी करायला आला की आधी त्याचा चेहरा निरखायचे. "तुमीच न्हाई का, पोळ्याच्या आदल्या दिशी सुट्ट्या पैशावरनं कंडक्टरशी भांडलात?"

"अहो साहेब, त्याला वरीस झालं."

"मानूस तोच हाय ना?"

मग गाडीची वेळ सांगायचे. कर्ण्यावरून घोषणासुद्धा अशाच. शनिवारी शिंगणापूरला जाणाऱ्यांची गर्दी झाली की म्हणायचे, "गाडी फलाटाला लागलेली आहे. मागच्या शनवारी खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरनाऱ्या पाव्हन्यांनी आज दारातनं चढावं, आमी वळखलेलं हाय." गर्दीत हशा पिकायचा आणि चार-पाच माणसं उगाच मान खाली घालायची.

मी त्यांच्या घरी सहा वर्षं भाड्यानं राहिलो. नव्वद साल उलटून गेलं होतं. त्यांच्याविषयी सांगायला लागलं की लोक हसतात आणि मीही ओघात सांगत जातो. पण त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलीला एका रविवारी सासरी परत पाठवलं आणि त्या वेळी मी समोर बसलो होतो, हे सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होत नाही. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसलो आहे.

मी नगरला बी.एस्सी. केलं, संख्याशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, तेव्हाही सांगायचो. आई-बाप दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्याकडं जायचे आणि मी वसतिगृहात त्रिकोणमिती करायचो. बी.एड. करून तिसगावच्या हायस्कुलात गणिताला लागलो तेव्हा खोलीसाठी तीन घरं फिरलो. तिन्ही घरांत आधी पूर्ण नाव विचारलं, मग गावात घर कुठल्या अंगाला आहे ते विचारलं, आणि मग "खोली कालच दिली" असं सांगितलं. चौथं घर कंट्रोलरांचं. त्यांनी विचारलं, "पत्ते येतात का?"

म्हटलं, "येतात."

"मग आना सामान."

पुढं कधीतरी मी त्यांना छेडलं, "साहेब, माझं आडनाव तुम्ही विचारलंच नाही."

"इचारायचं काय त्यात? सामान उतरवताना तुमी ट्रंक भायेर ठिवली, गादी भायेर ठिवली, आन निळ्या कोटातली तसबीर आधी आत नेली. तवाच कळलं, कुनाचे तुमी. आन ह्येबी कळलं की जो मानूस ट्रंकंच्या आधी तसबीर आत नेतो, तो लबाडी करनार न्हाई."

माणसाला त्याच्या हातावरून ओळखायचं, हे त्यांचं शास्त्र. मला ते तेव्हा फार आवडलं. आवडणारच. माझ्या बाजूनं निघालं होतं ना.

रविवारी त्यांची सुट्टी. दुपारची जेवणं उरकली की पडवीत घोंगडी पडायची आणि तीन पत्ती सुरू व्हायची. आम्ही चौघं. कंट्रोलर, मी, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर आणि पेठेतला किराणा दुकानदार. पैसे लावून खेळायला कंट्रोलरांचा सक्त विरोध, म्हणून चिंचोके. पण पैशानं खेळणारे काय खेळतील इतक्या इरेला पडून आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो. पानं उचलण्याआधी कंट्रोलर हात धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे. कंपाउंडर म्हणायचा, "साहेब, आमच्या डाक्टरला शिकवा हे."

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. प्रत्येकाला तीन पानं मिळतात. चांगली वाटली तर चिंचोके वाढवत चाल करायची, नाहीतर पानं पालथी टाकून 'पॅक' व्हायचं. शेवटी दोघं उरले आणि एकानं 'शो' मागितला तरच पानं उघडी होतात. जो पॅक झाला त्याची पानं पालथीच कॅटात जातात. ती कुणी बघायची नाहीत. हा नियम.

कंट्रोलरांचं म्हणणं असं की खेळ पानांचा नसतोच, माणसांचा असतो. आणि माणूस समजायचा तर त्याचे मागचे डाव ध्यानात ठेवायचे. ते लिहून ठेवत नसत. "लिवलं की मानूस इसरतो," म्हणायचे. पण कंपाउंडरनं कुठल्या संक्रांतीला दुर्रीच्या जोडीवर पाच चाली केल्या, दुकानदार राणी हातात आली की मिशीवरून बोट कसं फिरवतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कंपाउंडर चाल करताना गप्प झाला तर पानं खरी आणि बडबडला तर फुसकी, हा त्यांचा सिद्धांत. एकदा कंपाउंडर मुद्दाम गप्प बसून फुसक्या पानांवर खेळला. कंट्रोलरांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आज बायकूशी भांडून आलायस. म्हून गप हायेस. शो." पानं फुसकीच निघाली. भांडणही खरं निघालं. दुकानदार हसता हसता घोंगडीवर आडवा झाला.

मला हे पटत नसे. मी शिकलेलो, तेही हेच शिकलेलो. मी त्यांना सांगायचो, "साहेब, प्रत्येक डाव नवा असतो. पिसलेल्या कॅटाला मागचं काही आठवत नाही. दहा डाव फुसकी पानं आली म्हणून अकराव्याला एक्के येत नाहीत, आणि दहा डाव एक्के आले म्हणून अकराव्याला येणार नाहीत असंही नाही." एका रविवारी तर मी खिशातलं नाणं शंभर वेळा उडवून दाखवलं. ते शांतपणे बघत बसले. शंभर झाल्यावर म्हणाले, "कॅटाला आठवत न्हाई, बराबर हाय. पिसनाऱ्याला आठवतं. मास्तर, नान्याला आब्रू नसती. मान्साला असती. आब्रू असलेला मानूस तेच तेच करतो."

"आणि एखाद्या दिवशी केलं नाही तर?"

"करतोच."

आमचा हा वाद पाच वर्षं चालला. मी हरायचो, कारण चिंचोके त्यांच्याकडं जायचे. पण एक डाव असा झाला की मला कळलं, ते चुकतात. आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्या रविवारी सकाळी आमच्या गावचा एक जीपवाला निरोप घेऊन आला होता. उसाच्या फडात बापाच्या पायावर कोयता बसला, नगरला नेलंय, तसं काळजीचं काही नाही. काळजीचं काही नाही म्हटल्यावर माणसाला जी काळजी लागते ती घेऊन मी घोंगडीवर बसलो. नगरची गाडी दुपारी तीनला होती. त्या डावात मला राजाची जोडी आली, वर एक्का. पहिली चाल मी जोरात केली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी शेवटच्या चिंचोक्यापर्यंत खेळलो असतो. पण स्टँडकडून हॉर्न वाजला, मी पानं पालथी टाकली आणि पिशवी घेऊन निघालो.

बापाला टाके घालून आठवड्यानं परत आलो, तर कंट्रोलर म्हणाले, "मास्तर, त्या दिशी पार फुसकी पानं हुती तुमच्याकडं. पहिल्या चालीला छाती ठोकून खेळले आन मंग पळाले. तुमचं आसंच हाय, आधी जोर, मंग पळ." पुढं कित्येक महिने ते मला तसंच धरून खेळत राहिले. मी जोर केला की चाल वाढवायचे. त्यात मी चार-दोन डाव मारलेही. पण 'राजाची जोडी होती, एक्का होता' असं मी कधी बोललो नाही. म्हणालो असतो तर दाखला कुठून आणणार? ती पानं कुणीच पाहिली नव्हती. शिवाय हरलेल्या डावाची पानं सांगत बसणं माझ्या स्वभावात नाही. बोलायला पाहिजे होतं, असं आता वाटतं.

संगीता त्यांची मुलगी. मी राहायला गेलो तेव्हा बारावीत होती. गणितात कच्ची, पण बोलायला चलाख. मला 'सर' म्हणायची आणि अडलेलं गणित घेऊन पडवीत यायची. "सर, ह्यात एक्स कुठून आला?" "आपण धरला." "मंग सोडून द्या ना." तिच्या ह्या उत्तरावर काकू आतून खळखळून हसायच्या. बारावीनंतर वर्षभरात तिचं लग्न झालं, पाथर्डीच्या पलीकडं डोंगराकडच्या गावात. वीस एकर, दोन भाऊ, आणि विहिरीला पाणी. त्या भागात विहिरीला पाणी म्हटलं की मुलाबद्दल आणखी काही विचारायची पद्धत नाही.

पहिल्यांदा ती सहा महिन्यांनी आली. नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं म्हणाली. कंट्रोलर उठले, चार माणसं घेतली, जीप केली आणि तिला बरोबर घेऊन व्याह्यांकडं गेले. तिथं पंचांसमोर तिला विचारलं, तर ती म्हणाली, "न्हाई, मीच ओट्यावरनं पडले." सगळ्यांनी कंट्रोलरांकडं पाहिलं. हे त्यांच्याबरोबर गेलेल्या दुकानदारानं मला सांगितलं.

दुसऱ्यांदा दिवाळीला. भाऊबीज झाली तरी जायचं नाव काढेना. "तिथं मला कोंडून घालत्यात," म्हणाली. नवरा न्यायला आला तशी मुकाट्यानं गेली. आठ दिवसांनी कंट्रोलर न सांगता तिच्या घरी गेले. ही सासूबरोबर अंगणात शेंगा फोडत बसलेली, हसत होती. "काय झालं हुतं गं?" तर म्हणाली, "काई न्हाई आण्णा, आसंच बोलले." सासरा म्हणाला, "कंट्रोलर, पोरीच्या सांगन्यावर आमच्या दारात किती येळा येनार हायेत तुमी?" तेव्हा त्या माणसानं, ज्यानं स्टँडवर भल्याभल्यांच्या माना खाली घालायला लावल्या त्या माणसानं, भावकीतल्या चार जणांसमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझी पोरगी वाढवून सांगती. लहानपनापासून सवय हाय तिला. माफी करा."

हे त्यांनीच मला सांगितलं. "दोन डाव, मास्तर. दोन्हीबी डाव चाल करून पळाली."

तिसरी खेप रविवारची. तीनचा सुमार असेल. डाव रंगात होता, कंपाउंडर बडबडत होता. फाटकाची कडी वाजली आणि संगीता आत आली. हातात पिशवी नाही, नुसती नेसत्या साडीनिशी. कंट्रोलरांनी वर पाहिलं, पुन्हा पानांकडं पाहिलं, आणि डाव पुरा केला. शो मागितला, जिंकले, चिंचोके ओढून घेतले. मग म्हणाले, "या."

दुकानदार आणि कंपाउंडर चपला शोधायला लागले. घरात असं काही आलं की बाहेरच्यानं निघायचं असतं, ते निघाले. मी कुठं जाणार? माझी खोली त्याच पडवीला लागून. बसून राहिलो.

काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. संगीतानं तो डाव्या हातानं घेतला. उजवा हात पदराखाली, पोटाशी धरलेला. मी ते पाहिलं. तांब्या तोंडाला लावताना थोडं पाणी सांडलं, तरी उजवा हात बाहेर आला नाही. पाच वर्षं ज्या माणसाकडून मी हात वाचायला शिकलो, ते समोर बसले होते आणि माझ्या मते तिच्या हाताकडं पाहतच नव्हते. ते मागचे दोन डाव पाहत होते.

"काय झालं?"

"काई न्हाई."

"मंग का आलीस?"

"मला ऱ्हाऊ द्या."

"नवरा काय म्हनला?"

"काई न्हाई म्हनला."

"मारलं का?"

ती गप्प. काकू म्हणाल्या, "आवं, ऱ्हाऊ द्या की आठ दिस. पोटची पोर हाय."

"आठ दिसांनी हात जोडायला मलाच जावं लागतंय. तुला न्हाई." आणि मग तिला, पानं लावून बोलल्यासारखं सावकाश, "हे बघ संगे. पयल्या बारीला मी चार मान्सं घिऊन आलो, तू म्हनलीस पडले. दुसऱ्या बारीला आलो, तू शेंगा फोडत हुतीस. आता तिसऱ्या बारीला म्या काय समजायचं?"

तिनं वडिलांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "सर," म्हणाली, "तुमी तरी सांगा ना आण्णांना."

कंट्रोलरही माझ्याकडं वळले. थट्टा नव्हती त्यांच्या चेहऱ्यावर. खरंच विचारत होते. "बोला मास्तर. तुमचं गनित काय म्हनतं?"

माझं गणित पाच वर्षं एकच म्हणत आलं होतं, प्रत्येक डाव नवा. त्यासाठी मी शंभर वेळा नाणं उडवलं होतं. आणि माझ्याकडं त्यापेक्षाही मोठं काही होतं. मी तिचा हात पाहिला होता. "तिला हात बाहेर काढायला सांगा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी दुसऱ्याच्या घरात बसलेला भाडेकरू. चौथ्या घरानं खोली दिलेला. बापलेकीच्या मध्ये बोलायचं, त्यातून लेक परत आलेली, उद्या गावात चार तोंडं चार गोष्टी बोलणार, त्यात माझं नाव. गावात एक ग्रॅज्युएट मास्तर म्हणून जी काही पत मी उभी केली होती ती मला दिसायला लागली. मी म्हणालो, "तुम्ही तिला जास्त ओळखता, साहेब."

तिला वाईट वाटलं असेल, राग आला असेल, तर तो दिसला नाही. ती नुसती उठली.

पाचच्या गाडीला कंट्रोलर तिला सोडायला गेले. रविवार असून स्वतः खिडकीत गेले, गाडी दोन मिनिटं थांबवली, कंडक्टरला सांगून पुढची जागा दिली. शेंगदाण्याचा लाडू काकूंनी कागदात बांधून दिला होता. घरी येऊन त्यांनी हात धुतले आणि पडवीतली घोंगडी झटकली.

गुरुवारी निरोप आला. विहिरीवर पाय घसरला, म्हणाले.

मी गेलो होतो. विहिरीला पाणी होतं, हे खरं होतं. पंचनाम्याला आलेल्या जमादारानं कंट्रोलरांना बाजूला घेऊन विचारलं, "काही संशय?" ते तोंड उघडणार तोच सासरा पुढं झाला. आवाज चढवला नाही, उलट रडल्यासारखाच केला. म्हणाला, "पाव्हनं, तुमीच म्हनला हुता ना आमच्या अंगनात? पोरगी वाढवून सांगती, लहानपनापासून सवय हाय. ह्या चार मान्सांनी ऐकलंय. मंग ती तुमाला काय सांगून गेली आसंल ते आमी खरं कसं धरावं?" चार माणसं उभी होती. चौघांनी माना हलवल्या. जमादारानं लिहिलं ते लिहिलं. मीही उभा होतो. हाताचं मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, आता विहिरीतून काढलेल्या देहाचा कुठला हात आधी दुखत होता, हे कोण ठरवणार?

तेराव्याला पाहुणे उठून गेल्यावर काकू पडवीत आल्या. पाच वर्षं त्या आतून आमचा खेळ ऐकत आल्या होत्या, पानाला कधी हात लावला नव्हता. दाराच्या चौकटीला धरून नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी म्हनायचे, पळाली, पळाली. दोन्ही बारीला ती गप बसली. गप बसली म्हंजी खोटी हुती, हे तुमाला कुनी सांगितलं? मान्सांच्या घोळक्यात, सासू म्होरं बसलेली, तिथं कोन बोलंल? तिची पानं तुमी बघितली हुती का कधी? पालथी टाकलेली पानं, आन वरीसभर सांगत फिरला, फुसकी हुती म्हनून."

मी खोलीत जाऊन दार लावलं. माझ्या राजाच्या जोडीची त्या वेळी मला आठवण झाली आणि तिची लाजही वाटली. कुठं चिंचोके आणि कुठं ही पोर! पण चूक एकच होती, आणि ती मला दोन वर्षं आधीपासून ठाऊक होती.

त्यानंतर पत्ते बंद झाले. कंपाउंडर एक-दोनदा येऊन बसून गेला. कंट्रोलरांची स्मरणशक्ती मात्र गेली असं नाही, फक्त तिच्यावरचा त्यांचा विश्वास गेला. खिडकीशी येणाऱ्याला आता ओळख देईनात. एखादी बाई एकटी, बिनपिशवीची दिसली की खिडकी सोडून बाहेर यायचे. "काय झालं बाई?" "काई न्हाई." "काई न्हाई म्हंजी काय? ऱ्हायचंय का कुठं? गाडी मी थांबवतो." बाजाराला निघालेल्या बायका घाबरायच्या. एकीच्या नवऱ्यानं कॉलर धरली, "तुला काय करायचंय रं माझ्या बायकूशी?" तरी ते तिलाच विचारत राहिले. गाड्या खोळंबल्या, तक्रारी झाल्या, खिडकीवरून काढून त्यांना आतल्या टेबलाला बसवलं. गावातली पोरं चिडवायची, "कंट्रोलर, काई न्हाई!" पाच वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर ह्याच पोरांच्या बापांच्या माना खाली जायच्या. आता तेही हसायचे. ज्या एकीला ठेवून घ्यायचं होतं तिला ठेवून घेतलं नाही, आणि आता शंभर जणींना विचारून त्यातली एकही ती होत नव्हती. माझं शास्त्र सांगतं की आधीच्या उडवण्यानं पुढचं बदलत नाही. ते उलटही तितकंच खरं आहे. पुढं कितीही वेळा उडवा, मागचं पडलेलं नाणं पडलेलंच राहतं.

माझी बदली नगरला झाली. सामान टेम्पोत चढवलं, तसबीर मी हातात घेतली होती. कंट्रोलर स्टँडवरच्या बाकड्यावर बसलेले दिसले म्हणून टेम्पो थांबवून उतरलो. त्यांच्याशेजारी बसलो. निघताना तरी सांगून टाकावं, एवढंच डोक्यात होतं. त्यांचं दुःख त्यानं हलकं होणार नव्हतं, माझं ओझं झालं असतं. हेही मी कबूल करतो.

म्हणालो, "साहेब, त्या रविवारचं एक राहिलंय. तिनं तांब्या डाव्या हातानं घेतला. उजवा पदराखाली होता. मी पाहिला होता. मी बोललो नाही."

ते समोरच्या मोकळ्या फलाटाकडं बघत होते. मला वाटलं ऐकलं नाही, किंवा आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"मीबी पाह्यला हुता, मास्तर," ते म्हणाले. "कडी वाजवून आत आली तवाच. हात मोडल्याला मानूस कसा चालतो, मला कळत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "मग?"

"मला वाटलं, ह्या बारीला पोरगी सोंगाची पक्की तयारी करून आलीया."